नापास

आमच्या प्रयोगशाळेत एक जण
फक्त घाम गाळायच्या कामावर आहे.
नाव नेव्हिल. डोकं आहे, चेहरा नाही.
अंगभर एकशे बावन्न छिद्रं, पोटात पंप,
पाठीतून निघालेली नळी थेट भिंतीत.
सकाळी नऊला मी त्याला नवा टी-शर्ट चढवते,
बटण दाबते,
आणि तो कुठेही न जाता दहा किलोमीटर धावतो.

लफबरोच्या या गल्लीत पूर्वी मोज्यांचे कारखाने होते.
आता त्याच विटांच्या आत
मी कापडावर एक थेंब सोडते, स्टॉपवॉच लावते.
किती सेकंदांत पसरला, किती मिनिटांत उडाला.
धागा आडवा कापून भिंगाखाली धरला
तर बेरजेच्या चिन्हासारखा दिसतो:
चार खाचा, त्यांतून पाणी सरकतं.
एवढंच. बाकीचं जाहिरातवाले बघतात.

व्हेलॉक कंपनीचा ट्रिस्टन महिन्यातून एकदा येतो,
पोटरी, मांडी, दंड, सगळं आवळलेलं,
जणू कुणी पार्सल करून पाठवलाय.
त्याला लेबलवर छापायला एक आकडा हवा असतो.
मी सांगते, सुतीपेक्षा एकतीस टक्के लवकर वाळतं,
वीस अंशांवर, वारा असेल तर.
तो आकडा लिहून घेतो.
वारा लिहीत नाही.

गुरुवारी मॉरीन हॅलम आली. वय त्र्याहत्तर.
याच इमारतीत, वरच्या मजल्यावर,
एकोणीस वर्षं ओव्हरलॉकवर बसलेली.
नेव्हिलच्या मांडीवरचं कापड चिमटीत धरून म्हणाली,
"हे आम्ही शिरा फुगलेल्या बायांसाठी करायचो.
कातडीच्या रंगात. लपवून घालायच्या बिचाऱ्या.
आता काळ्यात काढता आणि मिरवता होय?"
शिवण उलटून पाहिली. अंगठा फिरवला.
"शिवण बरी आहे."

मग पिशवीतून एक नारिंगी शर्ट निघाला,
छातीवरचं चिन्ह सोलवटून अर्धं उरलेलं.
क्लाइव्हचा. नऊ वर्षं दर शनिवारी
कालव्याकाठी धावायचा, सगळ्यांत शेवटी,
बदकांनाही वाट द्यायचा.
ऑक्टोबरात गेला.
"चार वेळा धुतला मी. हॉस्पिसच्या दुकानात द्यायचा म्हणून.
काखेतला वास जात नाही."

हे मला पाठ आहे.
पॉलिएस्टरला पाण्याची ओढ नाही, तेलाची आहे.
घाम तो पुढे ढकलून देतो,
पण अंगाचं तेल धरून बसतो,
साबणाशीही हुज्जत घालतो.
आमच्या अहवालात त्यासाठी रकाना आहे:
वास धरून ठेवणे. दोष. नापास.
पुढच्या हंगामात ट्रिस्टन
त्यावर चांदीचा मुलामा देणार आहे.

मी खणातून पावडरीचा डबा काढला,
कोमट पाणी, अर्धा तास, असं सांगू लागले.
"छे गं," ती म्हणाली,
"जाऊ नये म्हणून काय करायचं ते सांग."

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
त्याची प्रमाणित पद्धत नाही.
कपाटातली फाइल उगाच उघडून मिटली.
मग म्हणाले, धुवू नका. ऊन दाखवू नका.
झिपच्या पिशवीत ठेवा, हवा काढून.
आणि रोज उघडू नका.
"रोज कशाला," मॉरीन म्हणाली. "शनिवारी."

ती गेली तेव्हा लक्षात आलं,
नेव्हिल बंद करायचा राहिलाय.
धावतोच आहे. पायाशी थारोळं.
दाराकडे एकदा बघून
मी त्याच्या काखेत नाक खुपसलं.
रबर. बाकी काही नाही.
घाम म्हणून आम्ही त्याला
डिस्टिल्ड वॉटर देतो.

रकान्यात पास लिहिलं, सही केली.
बसमध्ये मात्र, स्टेशनपासून पुढे,
माझ्याच कोटाची बाही हुंगत बसले.
कांदा होता. थोडा खोकल्याच्या गोळीचा वास.
शेजारचा मुलगा सरकून बसला.